गजाचे सतरा फटके

गांधीबागेच्या बाजारात एक गोष्ट आधी कानात सांगितली जायची, मग चहावर, आणि आता तर लग्नाच्या पंगतीतही: अनंत हेडाऊनं लोखंडी गजाचे सतरा फटके खाल्ले, तीन बोटं मोडून घेतली, पण पासवर्ड सांगितला नाही. पहिल्या आठवड्यात फटके नऊ होते. सतरावर थांबले, ते सांगणारे दमले म्हणून.

आता अनंत म्हणजे कोण, तर दुकानांत कॅमेरे लावून देणारा बेचाळीस वर्षांचा माणूस. अंगानं अगरबत्तीची काडी. सुई पाहिली की नर्सनं टोचायच्या आधीच हा आडवा होतो, हे त्याची बायको मिनल चारचौघांत सांगते. त्याची खासियत अशी, की बाजारात मिळतो तो मोठा डबा तो लावत नाही. पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी असते, तोच अख्खा कॉम्प्युटर. ती तो प्लास्टिकच्या टिफिनात बसवून माळ्यावर ठेवतो आणि कॅमेऱ्याची सारी टेप तिच्यात जमा होते.

बाबारावांच्या साडीच्या दुकानात त्यानं ती पाटी बसवली, तेव्हा मी गादीवर फुकटचा चहा पीत होतो. चालू झाल्याबरोबर त्यानं कीबोर्ड पुढे ओढला आणि सर्वांत आधी पासवर्ड टाकला: टेकडीच्या गणपतीचं नाव, मग ॲट द रेट, मग एकशे एक.

बाबाराव म्हणाले, "अगा अनंता, घड्याळ लंडनचं दाखवून राहिलं ते. पहिले ते नीट कर, मग पासवर्ड टाक."

"काकाजी, तुम्ही नव्या वहीत पहिले हिशोब लिहिता का श्री लिहिता?"

"श्रीच लिहितो."

"मग? पहिले देव. बाकीचं मागून."

मग त्यानं बाकीचं केलं. पाटी विलायतेच्या सवयीनं आलेली. घड्याळ भारताचं केलं, देश भारत केला, कीबोर्ड भारताचा केला. वीज गेली-आली तरी पाटीनं काही न विचारता आपोआप टेप सुरू करावी, अशी सोय केली. त्यामुळे पुढचं वर्षभर तो पासवर्ड कोणाला लागलाच नाही.

लागला तो विक्रमला. विक्रम हा बाबारावांच्या मेलेल्या भावाचा पोरगा. अर्धं दुकान माझं, म्हणत एका गुरुवारी दुपारी दोन पैलवान घेऊन आला. शब्दानं शब्द वाढला. बाबारावांनी त्याच्या कानाखाली काढली. विक्रमनं गल्ल्याजवळचा कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. मधे पडला रामाजी, तीस वर्षांचा जुना नोकर. गज त्याच्या कपाळावर बसला. हाड वाजल्याचा आवाज मसालेवाल्याच्या दुकानापर्यंत गेला. म्हातारा पैठण्यांवर पडला आणि विक्रमनं पडलेल्यावर अजून दोनदा घातला. वरच्या तीन साड्या भिजल्या. गिऱ्हाइकं पळाली, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांची पाठ एकदम दुकानाकडे होती म्हणे.

बाबाराव रामाजीला रिक्षात टाकून दवाखान्यात गेले. विक्रम मागेच राहिला. त्याची नजर कॅमेऱ्यावर गेली.

पाटी फोडून टाकली असती तर काम झालं असतं. पण त्याला चुलत्याची थापड ठेवायची होती, म्हणजे पोलिसांत सांगता येतं की सुरुवात यांनी केली. फक्त गजाचा भाग पुसायचा होता. तेवढ्यासाठी पाटीच्या आत जावं लागत होतं, आणि पाटी पासवर्ड मागत होती. ती टेप गेली तर रामाजीची फुटलेली कवटी म्हणजे जिन्यावरून पडलेला म्हातारा, एवढंच उरणार होतं.

अनंत बाजूच्याच गल्लीत वायर ओढत होता. पैलवानांनी कॉलर धरून आणला. शटर पडलं. पुढचं सारं बाजारानं कानांनी पाहिलं.

थापड वाजली. अनंत काहीतरी पुटपुटला. कीबोर्डची टकटक. मग विक्रमचा आवाज, "खोटं सांगतं बे!"

गज वाजला. अनंत ओरडला. टकटक. "पुन्हा खोटं! मले येडा समजून राहिला का?"

पुन्हा गज.

पाठीवर बसलेला फटका आणि बोटांवर बसलेला फटका यांच्या आवाजात फरक असतो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. एक बोट मोडलं, दुसरं मोडलं. बाहेर मसालेवाला विक्कीसेठ छाती फुगवून म्हणाला, "खेळवून राहिला साला त्याले! चुकीचा सांगते, मार खाते, पण खरा सांगत नाही. वाघ हाय वाघ!" शटरला हात मात्र कोणी लावला नाही. मीही नाही, लपवत नाही.

तेवढ्यात रामाजीची बायको प्रयागबाई आली. दवाखान्यात आधार कार्ड मागत होते आणि ते रामाजीच्या खुंटीवरच्या सदऱ्यात होतं. तिनं आतला ओरडा ऐकला, आमच्या तोंडांकडे एकदा पाहिलं, आणि चहावाल्याची उकळती किटली फडक्यानं धरून उचलली.

"सरका वं माय... नाही, सरका गा! बायाच बऱ्या तुमच्यापेक्षा!"

एका हातानं तिनं शटर वर ढकललं. पहिल्या पैलवानाच्या तोंडावर किटली रिकामी केली आणि रिकामी किटली विक्रमच्या नाकावर मारली. नाक सुपारीसारखं फुटलं. दुसरा पैलवान पळाला. मग मात्र आम्ही सारे शूर झालो, आणि पोलीस येईपर्यंत विक्रमला असा तुडवला, की तोही दोन महिने वाकडा चालत होता. त्या लाथांत माझीही एक आहे.

टेप पोलिसांना मिळाली. विक्रम आत गेला. रामाजी वाचला, पण डावा हात उचलत नाही आणि प्रयागबाईला कधीकधी आई म्हणतो.

अनंताची मात्र चांदी झाली. बाजार म्हणतो, कॅमेरा लावावा तर हेडाऊनं. जीव जाईल, पण तोंड उघडणार नाही. विक्कीसेठनं त्याला शाल दिली. अनंत वाकड्या बोटांनी नमस्कार करतो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. तो आंघोळीला गेला होता. मी मिनलला म्हटलं, "वाघाची बायको कशी आहे?"

ती हसता हसता पोह्यांत मीठ दोनदा टाकून बसली. "काकाजी, कोनाले सांगजा नोका. पाटी आली तवा तिचा कीबोर्ड विलायती होता. त्यात शिफ्ट धरून दोनचं बटन दाबलं की ॲट द रेट येत नाही, दुसरंच चिन्ह येते. पासवर्ड टाकताना पडद्यावर काही दिसत नाही, मंग यायले कसं समजन? देवाचं नाव पहिले टाकलं आन् कीबोर्ड मागून बदलवला, मंग त्याच बटनानं खरं ॲट द रेट याले लागलं. मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी यायनं सोताच टाकून पाह्यला, तरी पाटी नाहीच म्हने. मंग पाटीतलं मेमरी कार्ड काढून घरच्या कॉम्प्युटरात घातलं, तवा टेप निंगाली."

अनंतनं पासवर्ड पहिल्याच थापडेला सांगितला होता. प्रत्येक फटक्याला तोच सांगितला होता. कीबोर्डची सेटिंग पासवर्डनंतर बदलली होती, म्हणून तो चालला नाही.