कानातली बाई

मुलुंडला आमच्या घरापासून माझ्या बँकेपर्यंत चालत जाता येतं, पण रस्ता धड नाही. मला जन्मापासून दिसत नाही. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले तेव्हापासून थोरली बहीण मला सकाळी सोडते, संध्याकाळी घ्यायला येते. तिनं लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. आता तिचे गुडघे गेलेत.

म्हणून अंधांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं घरी आली तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्यांनी आमच्या वाटेवर दिव्याच्या खांबांना, मेडिकलच्या भिंतीला, बँकेच्या दाराला काड्यापेटीएवढ्या डब्या बसवल्या. डबीजवळ गेलं की तिचा सिग्नल माझ्या फोनला मिळायचा आणि कानात एक बाई बोलायची, "पुढे मेडिकल. डावीकडे वळा."

"पोचलंस की फोन कर गो," ताई दारातून म्हणाली, आणि हातात काठी घेऊन मी निघाले. पोचलेसुद्धा.

एका संध्याकाळी तर मी बाजारात शिरले. बांगडे घेतले.

"आज बहीण नाय?" कोळीण म्हणाली.

"नाय. एकटीच आलेय."

घरी ताई आधी ओरडली, मग मासे साफ करायला बसली. जेवताना म्हणाली, "माझ्यासाठी कोणी मासळी आणली, असा आज पयल्यांदाच झाला."

मग रस्ता खणायला घेतला, काँक्रीटचा करायला. खांब काढले, त्यांच्यावरच्या डब्याही गेल्या, मेडिकलच्या भिंतीवरची तेवढी उरली. एका सकाळी बाई म्हणाली, "सरळ चला," आणि काठी खोदकामाभोवती लावलेल्या पत्र्यावर आपटली. मी चाचपडत होते तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला आणि न विचारता रस्त्यापलीकडे नेलं.

"अहो, मला इकडे यायचंच नव्हतं!"

तो गेला होता. कानातली बाईही गप्प. दोन्ही बाजूंनी गाड्या, हॉर्न. विचारत विचारत बँकेत पोचले तेव्हा ब्लाउज घामानं भिजला होता.

मी संस्थेत फोन केला. "मॅडम, रस्ता पूर्ण झाल्यावर बघू," तिकडून कोणीतरी म्हणालं. नंतर फोन उचलणंही बंद झालं.

दुसऱ्या दिवशी ताई गुडघ्याला पट्टा बांधून दारात उभी. "चल." मी तिचा हात धरला. वाद घालायचं त्राणच नव्हतं.

अर्ध्या वाटेवर तिचा हात माझ्या हातात जड झाला. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती मटकन बसली.

"माका चलवणा नाय गो. मी बसतंय हयसर. तू जा."

"आणि तू?"

"मी जातंय सावकाश. उशीर होतलो तुका."

मी तिचा हात सोडला. मग पत्र्याला काठी घासत, त्या आवाजाच्या आधारानं पुढे चालू लागले. उशीर झालाच. मी हेडफोन चढवला आणि पहिला कॉल घेतला.