बिनडोळ्यांच्या बाहुल्या आणि तीट

आमची मुलगी घरी इतकं बोलायची की कधीकधी मी कानांवर हात ठेवायचे. इथला भात चिकट का असतो, शेजारच्या बाईंचं मांजर कुठे झोपतं, बाबांच्या लॅबमधले उंदीर संध्याकाळी घरी जातात का. आणि हीच पोरगी बालवाडीच्या फाटकातून आत गेली की तोंडाला कुलूप. वर्ष उलटून गेलं तरी तिथे तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. मान हलवायची, बोट दाखवायची, हसायचीसुद्धा. जपानी तिला चांगलं येत होतं. घरी बाहुल्यांना ओळीत बसवून ती त्यांना अगदी बालवाडीतल्या सेन्सेईंच्या, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंच्या, सुरात दटावायची. फक्त तिथे बोलायची नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही जपानात, तोक्योजवळच्या इचिकावाला राहायचो. नवरा तोक्योतल्या एका संस्थेत संशोधन करायचा. सकाळी गर्दीच्या गाडीनं जायचा आणि रात्री चुरगळून परत यायचा. मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवत होते. इथे आल्यावर मात्र मीच विद्यार्थिनी झाले होते. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा, हा पहिला विषय, आणि त्यात मी बरेचदा नापास व्हायचे.

जुलैत, तिथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. चहा दिला. पुढच्या एप्रिलमध्ये ती पहिलीत जाईल, असं म्हणाल्या. मग कपाकडे बघत म्हणाल्या, की दोन भाषांचं ओझं तर होत नसेल ना, घरी काही दिवस फक्त जपानी बोलून बघता येईल का. इतक्या मऊ शब्दांत सांगितलं, की मला चढलेला राग कुठे ठेवावा तेच कळेना.

वाटेत नवरा म्हणाला, "त्यांचा एक्स्पीरियन्स आहे गं. ट्राय करून बघायला काय हरकत आहे?"

"माझं जपानी भाजी आणण्यापुरतं," मी म्हटलं. "त्यात मी हिला रागावू कशी? लाड कसे करू? तू काय, दिवसभर लॅबमध्ये."

शेवटी असं ठरलं, की उंदोकाईपर्यंत थांबायचं. उंदोकाई म्हणजे ऑक्टोबरात बालवाडीच्या मैदानावर होणारा खेळांचा दिवस. आईबाप, आजीआजोबा सगळे डबे घेऊन येतात. तोवर ती बोलली तर ठीक, नाहीतर घरातली मराठी बंद. मी हो म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून मुलगी 'आई' म्हणायचीही थांबेल की काय, असं काहीबाही मनात यायचं.

सुट्टी संपता संपता सासूबाई आल्या. आल्या आल्या त्यांचं निदान झालं. "दृष्ट लागलीय पोरीला," त्या म्हणाल्या. सोबत चांदीची डबी होती, तिच्यात घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बालवाडीला निघताना नातीच्या गालावर कानाजवळ एक ठसठशीत तीट. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण सासूबाईंशी वाद घालायला लागणारी ताकद मी तेव्हा दुसऱ्या कामांसाठी राखून ठेवली होती. दुपारी पोरगी परतायची तेव्हा गाल स्वच्छ असायचा. "घामानं जात असेल," मी म्हणायचे. "सप्टेंबर आहे ना." सासूबाईंना ते पटायचं नाही. आपल्या काजळावर त्यांचा फार भरवसा होता.

बालवाडीत प्रत्येक आईला एखादं काम घ्यावंच लागायचं, आणि कोणी कुठलं घ्यायचं ते दगड-कागद-कात्री खेळून ठरायचं. मोठ्या बायका गोल करून हात पुढे करतात आणि हरलेली गुपचूप मान लववते. मी पहिल्याच फेरीत हरले. माझ्या वाट्याला उंदोकाईची सजावट आली. बाकीच्या आयांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. हिला भाषा येत नाही, ही करणार काय?

मला आयडिया पावसानं दिली. त्या आठवड्यात रोज पाऊस होता आणि आमच्या शेजाऱ्यांच्या खिडकीत एक पांढरी बाहुली लटकत होती. तेरू तेरू बोझू. जपानातली मुलं सहलीच्या आदल्या दिवशी कागदाचा किंवा कापडाचा गोळा करून, वर पांढरं फडकं गुंडाळून, मानेशी दोरा बांधून तो खिडकीत टांगतात, उद्या ऊन पडू दे म्हणून. शेजारच्या बाईंनी मला त्यातली मुख्य गोष्ट सांगितली. चेहरा आधी काढायचा नाही. ऊन पडलं तरच बाहुलीला डोळे मिळतात, तिचं बक्षीस म्हणून. आधीच काढले तर पावसात शाई ओघळते आणि बाहुली रडल्यासारखी दिसते. मला हे फार आवडलं. आपल्याकडेही गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात.

मी आयांच्या बैठकीत चित्रं काढून माझा बेत मांडला. प्रत्येक घरानं जुनं पांढरं कापड आणायचं. मुलांनी स्वतः बाहुल्या बांधायच्या. त्या दोरांवर ओवून झोपाळ्यापासून गिंकोच्या झाडापर्यंत, मैदानावर तोरणासारख्या लावायच्या, बिनचेहऱ्याच्या. आणि उंदोकाईच्या दिवशी ऊन पडलं, तर खेळ संपल्यावर प्रत्येक मुलानं दुसऱ्या कुणाच्या तरी बाहुलीला डोळे काढायचे. म्हणजे सजावट अर्धी असतानाच उंदोकाई सुरू होईल आणि सगळे मिळून ती पुरी करतील. 'जुनं कापड' म्हटल्यावर थोडी चुळबुळ झाली. एकीनं विचारलं, नवं चालणार नाही का? मी म्हटलं, नको, अंगाला लागलेलंच हवं. मग मात्र गंमत झाली. कुणी बाळाचे लंगोट आणले, कुणी आजीचा स्वयंपाकाचा एप्रन, एका बाबांनी ज्यूदोच्या जॅकेटची बाही कापून दिली. आमच्या घरून सासऱ्यांच्या धोतराचा तुकडा गेला. सासूबाई तो उशीला गुंडाळायला घेऊन आल्या होत्या.

मुलांनी दोन दुपारी बसून बाहुल्या बांधल्या. आमची मुलगी सगळ्यांच्या गाठी पक्क्या करून देत होती. न बोलता.

ओवण्याचं काम मी घरी आणलं. मोठ्या पिशव्या भरून त्या पांढऱ्या बाहुल्या आमच्या पुढच्या खोलीत चटईवर पडल्या होत्या. मी दोर आणायला दुकानात गेले. परत आले तेव्हा सासूबाई चष्मा लावून बसलेल्या, मांडीवर डबी, आणि शेवटच्या काही बाहुल्या उरल्या होत्या. बाकी सगळ्यांच्या गालाच्या जागी एकेक काळी तीट.

"आई, हे काय केलंत तुम्ही?"

"अगं, इतकी पांढरीशुभ्र लेकरं उघड्या मैदानात टांगणार तुम्ही. गावाची नजर लागेल."

"त्यांचा चेहरा कोरा ठेवायचा असतो!"

"डोळे काढायचे नाहीत म्हणालीस. तीट म्हणजे डोळा का?"

मी साबण लावून एक धुऊन पाहिली. तुपाचं काजळ ते, जाण्याऐवजी पसरलं आणि बाहुलीला राखाडी गाल आला. सगळ्या पुन्हा बांधायला ना कापड होतं ना वेळ, सकाळी त्या लावायच्या होत्या. मी रडकुंडीला आले. हरलेल्या परदेशी बाईला काम दिलं आणि तिनं घाण करून आणलं, हेच उद्या दिसणार होतं. तेही नेमकं मुख्याध्यापक बाईंसमोर, ज्या आमच्या घरात कुठली भाषा असावी याचा विचार करत होत्या. शेवटी डाग मागच्या बाजूला येतील अशा बाहुल्या ओवल्या आणि मनाला समजावलं, की कुणी एवढं बघत नाही.

उंदोकाईच्या आदल्या दिवशी मैदानावर दोर चढवला आणि वारा सुटला. एकेक करून सगळ्या बाहुल्या वळल्या.

आया गप्प झाल्या. जपानी बायकांच्या गप्प बसण्याचे अनेक प्रकार असतात, हे मला तोवर कळलं होतं, आणि हा त्यातला वाईट प्रकार होता. एकीनं हळूच विचारलं, बुरशी आली का. दुसरीनं पर्समधून टायपिंगच्या चुका खोडायची पांढरी शाई काढली, मदत म्हणून. मी नुसती "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत राहिले. आभार मानायला आणि माफी मागायला तो एकच शब्द मला सुचत होता. तीट म्हणजे काय, हे सांगण्याइतकं जपानी माझ्याकडे नव्हतं. दृष्ट, नजर, काजळ, सासूबाई, कुठून सुरुवात करणार?

एवढ्यात मुलीच्या वर्गाच्या सेन्सेई ओलं फडकं घेऊन आल्या. तरुण, हसऱ्या, फार मायाळू बाई. त्यांनी जवळची बाहुली हातात धरली आणि डाग पुसायला लागल्या.

"पुसू नका."

जपानीत. खणखणीत. कोण बोललं ते पाहायला सगळ्यांनी मान वळवली. माझी मुलगी दोराचं टोक हातात धरून उभी होती.

"ती घाण नाही," ती म्हणाली. "माझ्या आजीनं लावलीय. त्यांना काही होऊ नये म्हणून." मग तिनं सेन्सेईंकडे बघून गालावर बोट ठेवलं. "तुम्ही माझीपण रोज पुसता."

सेन्सेईंच्या हातातलं फडकं खाली आलं. त्या तिथेच मातीत गुडघ्यांवर बसल्या, तिच्या उंचीला आल्या आणि तिच्यासमोर मान लववली. "माफ कर," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, सकाळी खाताना काही लागलंय. मला माहीत नव्हतं." आणि रडायला लागल्या. त्यांना दुःख झालं होतं, पण त्याहून मोठं कारण वेगळंच होतं, ते तिथल्या सगळ्यांना कळत होतं. मुख्याध्यापक बाईंनी रुमाल काढला. मला मात्र रडू आलं नाही. मी झोपाळ्याच्या फळीवर जाऊन बसले. किती महिन्यांनी मला खरीखुरी भूक लागली.

"तुला आधी सांगता आलं नाही का गं?" मी नंतर तिला विचारलं. मराठीत.

"माझी पुसली तर चालतं," ती म्हणाली. "त्यांना बोलता येत नाही ना."

पांढरी शाई पर्समध्ये परत गेली. बाहुल्या तशाच राहिल्या. ज्या थोड्या तिटेशिवाय होत्या, त्यांच्या घरच्या मुलांनी आमच्याच का नाही म्हणून भुणभुण लावली. उंदोकाईच्या सकाळी आकाश भरून आलं होतं, तरी खेळ घ्यायचं ठरलं. सासूबाई नऊवारी सावरत फाटकाशी उभ्या होत्या, डबी घेऊन. आधी उरलेल्या बाहुल्यांना तीट लागली. मग एका मुलानं स्वतःचा गाल पुढे केला आणि त्याच्यामागे रांग लागली. बापांचीही. सासूबाईंना जपानीचा एक शब्द येत नव्हता. "सरळ उभा राहा रे," असं मराठीतच दटावत त्या सगळ्यांना तीट लावत होत्या आणि सगळे सरळ उभे राहत होते. सेन्सेई रांगेच्या शेवटी होत्या.

नवरा माझ्या शेजारी चटईवर बसला होता. मुख्याध्यापक बाई येऊन गेल्या, पोळी-भाजीचा घास कौतुकानं खाऊन गेल्या, पण उन्हाळ्यातल्या त्या बोलण्याचा विषय त्यांनी काढला नाही. नवरा म्हणाला, "मग, घरी आपलं आहे तसंच चालू ठेवू या." मी म्हटलं, "जपून बोल, तुझं मराठी आधीच बिघडलंय."

पाऊस आला नाही. पण ऊनही पडलं नाही. दिवसभर आभाळ राखाडीच राहिलं, आणि खेळ संपल्यावर मुलं ब्रश घेऊन दोराखाली जमली तेव्हा मोठा पेच झाला. बाहुल्यांना डोळे मिळणार की नाही? एक मुलगा ठामपणे म्हणत होता, ऊन नाही तर डोळे नाहीत, नियम म्हणजे नियम. त्याच्यासमोर आमची मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचं म्हणणं, पाऊस पडणार होता आणि या बाहुल्यांनी तो थांबवला, म्हणजे यांचं काम झालं, आता डोळे द्यायलाच पाहिजेत. दोघांचा आवाज चढत गेला. तिचा जास्त. सगळं मैदान ऐकत होतं.

सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "काय बोलतेय गं एवढं?"

मला सांगता येईना. मी डोळे पुसत होते, आता कुठे.

"काही नाही," मी म्हटलं. "भांडतेय."

सासूबाईंनी डबीचं झाकण लावलं आणि ती कमरेला खोचली.

"भांडू दे," त्या म्हणाल्या.