पुजारीकाकांच्या वहीतली तीन नावं

दादा मंगळवारी गेला. वय बेचाळीस. मोठ्या आतड्याचा कर्करोग.

मुरुम गावच्या घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं, हा देवीचा कोप. आजोबांनंतर घरात गोंधळ घातला गेला नव्हता, आणि वारही तिचाच. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते; असल्या गोष्टी मी मानत नाही, असं समजत होते. भाऊ गेल्यावर माझंही मन तिकडंच झुकलं. सुतक फिटल्यावर वहिनी आणि दादाच्या मुलीला, माझ्या भाचीला घेऊन तुळजापूरला गेले, ते श्रद्धेनं नव्हे, भीतीनं. महिनाभर मलाही शौचावाटे रक्त जात होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्या घराण्याचे पुजारीकाका सत्तरीचे आहेत. येणाऱ्या प्रत्येक घराची हकीकत ते वहीत लिहितात: कोण आलं, काय मागितलं, मागच्या खेपेनंतर कोण गेलं. दादाचं नाव लिहिताना त्यांनी विचारलं, "कशानं?" मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. त्यांनी मागची पानं काढली. आजोबा, पोटाचं दुखणं, वय पंचेचाळीस. आत्या, तेच, एकोणचाळीस.

वहिनी म्हणाली, "काका, गोंधळ कधी घालायचा तेवढं सांगा."

"घाला की. पण आई लेकरावर असा डूख धरती व्हय?" मग ते माझ्याकडं वळले. "एवढी पुस्तकं सांभाळता ताई, अन् घरचं पान वाचलं न्हाय? हे रक्तातनं आलंय. आदी दवाखाना गाठा."

मी तिथंच रडले आणि सगळं सांगून टाकलं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी काकांनी वहीतून उतरवून दिलेला कागद दोनदा वाचला. दुर्बिणीतून तपासलं, रक्ताची जनुकीय चाचणी करवली. आतड्यात गाठ होती, पण पसरलेली नव्हती; रक्तात मात्र घराण्यात चालत आलेला दोष निघाला. ऑपरेशन झालं.

"हा कागद कुणी करून दिला?"

"आमच्या पुजाऱ्यांनी."

"चांगला अभ्यास आहे त्यांचा," बाई हसल्या.

काकांना वैद्यक येत नाही. आलेल्या माणसाचं ऐकायचं आणि खरं तेच लिहायचं, एवढंच त्यांनी जन्मभर केलं. त्यांच्या तोंडून कोण बोललं, याचा मी वाद घालत नाही, हात जोडते. शरण जाणं म्हणजे निमूट सोसणं, असं मला वाटायचं. लपवलेलं सांगून टाकणं हेही शरण जाणंच होतं.

भाचीच्या रक्तातही तोच दोष निघाला. ती बावीस वर्षांची आहे. दरवर्षी तिची दुर्बिणीतून तपासणी होते. यंदा आतड्यात मांसाचा एक लहानसा कोंब, पॉलिप, सापडला, तो तेव्हाच काढला. माझं आतडं वीतभर कमी आहे. आम्ही दोघी आहोत.