वढ्यापल्याडचं दाजी

समद्या जगावर एकाच वक्ताला रागाला आल्यालं मानूस म्या जन्मात एकच बगितलं, ते म्हंजे आमचं दाजी. दुसरी मान्सं कशी, बायकोवर रागावत्यात, बैलावर रागावत्यात, लईच झालं तर पाटलावर. दाजी सकाळी उठलं की आदी जर्मनीवर रागवायचं, तोंड धुतलं की जपानवर, आन् न्याहरीची भाकर यायला उशीर झाला तर विलायतंवर. भाकर घिऊन जानारा म्या. म्हंजे उशीर माजा, आन् शिव्या बसायच्या विलायतंच्या परधानाला. मला त्या बिचाऱ्याचं वाईट वाटायचं.

दाजी म्हंजे माज्या थोरल्या बहिनीचं, अक्काचं मालक. परदेशात ऱ्हायचं. परदेश म्हंजे आमच्या गावाच्या वढ्याच्या पल्याड. हसू नगा. वढ्याच्या अल्याड निजामाचं राज, त्याला आमी मोगलाई म्हनायचो. पल्याड इंग्रजाचं राज. अक्काचं घर, गोठा, चूल अल्याड, आन् दाजींचं एक शेत पल्याड. त्या शेतातल्या खोपटात दाजी जाऊन बसलं ते बसलंच. अक्का दारात उभी ऱ्हायली की तिला तिचा परदेशी नवरा लिंबाखाली दाढी खाजवताना दिसायचा.

हे कशापाय झालं ते सांगतो. दाजी चार बुकं शिकल्यालं. बार्शीच्या बाजाराला गेलं की पेपर आनायचं आन् चावडीम्होरं बसून मोठ्यानं वाचायचं. आमी आडानी मान्सं भवती बसायचो. म्या सगळ्यात म्होरं, कारन मला ऐकाया लई आवडायचं आन् कळत कायबी नव्हतं. आसल्या मान्साला म्होरं बसवावं, ते मान लई झ्याक हलवतं. एक दिवस पोलिसाचा अमीन घोड्यावरनं चालला हुता, तो थांबला. "इत्ते लोगां जमा करके क्या पढ रै? इजाजत लिये क्या?" त्या वक्ताला मोगलाईत मान्सं जमवून बोलायचं तर सरकारची इजाजत लागायची, म्हंजे परवानगी. दाजी म्हनलं, "तोंड माजं हाय. त्याला इजाजत कुनाची?" अमीन हसला, "तोंड तुमारा, मुल्क सरकार का." बास! दाजींनी पेपराची घडी घातली, घरला आलं, वाकळ खांद्यावर टाकली आन् भर गल्लीत वरडलं, "जवर ह्या मुलकात तोंड उघडाया इजाजत लागती, तवर म्या हितं पाय ठिवनार न्हाय!" लोकास्नी वाटलं, भूक लागली की येतील. भूक लागली, पर भाकर घिऊन म्या गेलो. म्हंजे दाजींचा निश्चय टिकला तो माज्या पायांवर.

अक्का बी त्याच मातीची. "त्यास्नी यायचं तवा येतील. म्या म्हशी सोडून इंग्रजाच्या राज्यात जायची न्हाय," म्हनली.

तवापस्नं सांच्याला दाजींची चावडी वढ्यावर भराया लागली. आमी अल्याड बसायचो, दाजी पल्याड धोंड्यावर उभं ऱ्हाऊन जगाची बातमी वरडून सांगायचं. अमीनाला कायबी करता येईना. बसनारी मान्सं मोगलाईत, पर ती गप. बोलनारा इंग्रजाच्या राज्यात. गप बसाया इजाजत लागत नव्हती. "आरं, ह्या जर्मनीनं फ्रान्स घेतलं! कुनाला इचारून? त्या फ्रान्सच्या मान्सास्नी इचारलं का, बाबांनू तुमाला चालतंय का? न्हाय!" त्या सांच्याला दाजी फ्रान्सच्या रागानं जेवलं न्हाईत. ती भाकर म्या खाल्ली. फ्रान्सचं कुनाला नसंल पर माजं तेवढं बरं झालं.

निजामावर बोलून झालं की दाजी पाठ फिरवून इंग्रजावर सुरू व्हायचं. म्या एकदा इचारलं, "दाजी, ज्याच्या राज्यात बसलाव त्यालाच शिव्या?" दाजी म्हनलं, "त्याच्यात बसूनच द्याव्या लागत्यात. लांबनं शिव्या द्याया काय लागतं, येड्या?" म्या म्हनलं, "मंग निजामाला तुमी लांबनंच देताव की." दाजींनी ढेकूळ उचललं. ते माज्या कानाजवळनं सूं करत मोगलाईत पडलं. दुसऱ्या एका दिवशी आमची शेरडी वढा वलांडून त्यांचं हुलगं खाऊन आली, तर दाजी थरथर कापत म्हनलं, "ही काय मोगलाई लागून गेली का?" म्या म्हनलं, "आमच्याकडं तीच लागून गेलीया, दाजी. शेरडी आमच्यातली. तिला म्होरं राज बदललंय हे कोन सांगनार?"

जी मान्सं वढ्यावर येत नव्हती त्यास्नी बातमी सांगायचं काम माज्याकडं. हे काम मला कुनी दिलं नव्हतं, म्याच घेतलं हुतं. एक दिवस वारं उलटं हुतं. दाजी जीव तोडून वरडलं, "रंगून पडलं! रंगून पडलं!" म्या पळत गावात आलो आन् सांगितलं, रंगू पडली. आमच्या गावात रंगूबाई म्हनून एक थोराड म्हातारी हुती. बायका हळद-तेल घिऊन पळाल्या, कुनी बाज आनली. रंगूबाई हिरीवर पानी वढत हुती. तिला धरून बळंच बाजंवर निजवली. पडलं ते ब्रह्मदेशातलं शहर, जपाननं घेतलं, हे कळल्यावर म्हातारीनं पोहऱ्याचा दोर घिऊन मला चावडीपतुर हानत नेलं. दाजींना कळलं तर ते रंगूबाईवर न्हाय, माज्यावर न्हाय, जपानवरच चिडलं. "बघा, ह्या जपान्यांपाय आमच्या मेव्हन्याला मार बसला!"

ह्या समद्यात दाजींची लेक भामा लग्नाला आली. सोनारीच्या जत्रंत सोयरीक जमली. पोरगा बरा, घर बरं. आन् घोडं अडलं ते मांडवापाशी. अक्का म्हनली, लगीन माज्या दारात. दाजी म्हनलं, लगीन माज्या लिंबाखाली, मोगलाईत म्या येनार न्हाय. मधी हेलपाटं घालनारा म्या. अक्कानं सांगितलं, "त्यास्नी म्हनावं, लेक माजी बी हाय." म्या वढ्यात पाय घसरून पडलो, उठलो, आन् पल्याड जाऊन सांगितलं, "अक्का म्हनती, लेक माजी हाय." मधला 'बी' वढ्यात वाहून गेला. दाजींनी जे तोंड सोडलं म्हनता! म्या परत येऊन ते अक्काला जसंच्या तसं सांगितलं. त्यातलं एक अक्षर बी पान्यात पडलं न्हाय. हिकडं पोराच्या बापाचा निरोप आला, आखितीच्या सनापतुर मांडवाचं ठरवा, न्हाय तर आमी दुसरी पोरगी बघतो.

त्या सांच्याला आमी नेहमीसारखं वढ्यावर बसलो हुतो. दाजी धोंड्यावर चढलं. तेवढ्यात भामा बाप्या मान्सांच्या मधनं वाट काढत पार पान्यापतुर गेली. अशी पोरगी कवा म्होरं आली नव्हती.

"आबा, आज बातमी म्या सांगती."

दाजी चकितच. "सांग की."

"एका गावात एका पोरीचं लगीन हाय. माय म्हनती हितं, बाप म्हनतो तितं. पोरीला कुनीबी इचारलं न्हाय. फ्रान्सला इचारलं न्हाय म्हून तुमी जेवला न्हाईत, आबा. मला कवा इचारनार?"

आमी समदे खाली बघाया लागलो. धोंड्यावर चढल्यालं दाजी धोंड्यावरच बसलं. म्हनलं, "मंग? तुजं म्हननं काय हाय, भामे?"

"लगीन मायच्या दारात. आन् तुमी तितं."

वढ्यात पानी घोट्याएवढं बी नव्हतं. पर दाजी त्याच्याकडं असं बघत हुतं, जनू म्होरं दर्या हाय.

लग्नादिवशी दाजी धुतल्यालं धोतर, नवा पटका घालून वढ्याच्या मधोमध आलं आन् थांबलं. म्या हात धराया गेलो. दाजी म्हनलं, "मेव्हनं, पाय ठिवतो. पोरीचा शबूद हाय. पर तोंड हितंच ठिवून येतो. तितं इजाजतीबिगर बोलता येत न्हाय, आन् इजाजत म्या मागनार न्हाय. तवा गप." आन् खरंच, वढा वलांडला की दाजी मुकं झालं. व्याह्यांनी रामराम केला, दाजींनी हात जोडलं. पोराच्या आत्यानं बायकांत बोंब ठोकली, "अगं बया, बाप मुका हाय! आदी सांगितलं न्हाय की वं! पोरगी बोलती का बघा!" पंगतीला पोराचा चुलता दाजींशेजारी बसला हुता. तो मला सांगाया लागला, जपान हे कलकत्त्याच्या अलीकडचं एक खेडं हाय, आन् जर्मनीचा राजा हैद्राबादला सोयरीक बघाया येनार हाय. दाजींच्या कपाळाची शीर टराटरा फुगली. हातातला आमटीचा द्रोन चुरगाळला आन् आमटी धुतल्या धोतरावर. म्या तोंडात लाडू कोंबून घेतला, न्हाय तर म्या हसून लगीन मोडलं आसतं.

अमीनाला बोलवावंच लागायचं, तो बी आल्ता. दाजींना बघून मिशीत हसला. "क्यों, आज कुछ नै बोलते? चलो, शादी का घर है. बोलो, आज मेरी तरफ से इजाजत!" मला वाटलं, आता दाजी सुटतंय. दाजींनी त्याच्याकडं बघितलं, पान-इड्याचं तबक उचललं, त्याच्याम्होरं धरलं, आन् गप. अमीनाचं हसू तबकातच पडलं.

पोर निगाली. गाडी हाकाया म्या, कारन म्या मामा. माज्या मागं नवरा-नवरी. वाजंत्री इतक्या जोरात की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. दाजी चाकाला हात लावून गावकुसापतुर चालत आलं. भामा रडत हुती. "आबा, काय तरी बोला की." दाजी गाडीजवळ सरकलं. ज्यांचा आवाज दोन राज्यांत जायचा ते दाजी येवढ्या हळू बोललं, की गाडीतल्या आमा तिघांशिवाय कुनालाच ऐकू गेलं न्हाय. जावयाला म्हनलं, "पाव्हनं, हिला बोलू देत जावा."

मुका सासरा बोलला म्हून जावई दचकून नुसती मान हलवत ऱ्हायला. माज्या हातातला कासरा सुटला. बैलं आपली आपन निगाली.

परत आलो तवा भाकर घिऊन पल्याड गेलो. दाजी धोंड्यावर बसलं हुतं. "मेव्हनं, मोगलाईत बोललो की वं म्या."

"येवढंच तर बोललाव, दाजी."

"बोललो ते बोललो. कुनाला सांगू नगा."

माज्या तोंडात गोष्ट टिकत न्हाय हे अख्ख्या गावाला ठावं हाय. ही टिकली. गावाला आजून वाटतंय, मोगलाई संपंस्तवर दाजींनी तितं तोंड उघडलं न्हाय. आता मोगलाई गेली, अमीन गेला, दाजी बी गेलं, म्हून सांगितलं. भामा सासरी लई बोलती. तिचा नवरा भेटला की मला बाजूला घितो आन् इचारतो, "मामा, सासरं तवा नेमकं काय म्हनलं हुतं? थोडं बोलू देत जावा, का लई?"

म्या म्हनतो, पाव्हनं, तेवढं इचारायचं ऱ्हायलंच. आता कुनाला वरडून इचारावं?