श्रावणी सोमवारी पबमध्ये फंडरेझर

गेल्या सोमवारी इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या एका पबमध्ये मी माझ्या लेकीची ट्रिप बुडवली. दुसरा शब्दच नाही त्याला...

सई चौदा वर्षांची. मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर. पण यंदा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मुलांच्या लेझीम ग्रुपमध्ये गेली आणि पोरगी वेडीच झाली. गणपतीला शिकागोच्या मिरवणुकीत नाचायला जायचं होतं सगळ्यांना.

सध्या ले-ऑफचा सपाटा चाललाय, निम्मे आईबाप घरी बसलेत. तिकिटं कोण काढणार? म्हणून मीच पुढाकार घेतला. बर्गर-बिर्गर मिळणारा, पोराबाळांना चालणारा पब. आपली माणसं जे खातील-पितील, त्या बिलातला वाटा पब मुलांच्या ट्रिपला देणार. मॅनेजर म्हणाला, सोमवारी जागा रिकामी असते. मी म्हटलं, डन!

ऑगस्टमधला सोमवार... अहो, श्रावणी सोमवार! पुणं सोडून पंधरा वर्षं झाली म्हणून माणसाने इतकं गाढव व्हावं?

लोक आले हो, झाडून सगळे आले. पण अर्ध्यांचा उपास आणि उरलेल्यांनी श्रावण पाळलेला. चाळीस माणसं लिंबाची फोड टाकलेलं फुकटचं पाणी पीत बसली. जोशीकाकूंनी तर पर्समधून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा काढला आणि वेट्रेसकडे चमचा मागितला. "घरी जाऊन उपास सोडायचाय रे," म्हणत साडेसहाला सगळे उठले.

त्याआधी मुलं मात्र तिथेच लेझीम घेऊन जीव तोडून नाचली. टाळ्याही भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवशी मंडळाने ट्रिप कॅन्सल केली. मला कुणी एका शब्दानेही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

सईला सॉरी म्हटलं. वाटलं, रडेल, भांडेल... "इट्स ओके, बाबा," म्हणाली आणि खोलीत गेली.

काल गराजमध्ये, डोनेशनला द्यायच्या जुन्या कपड्यांच्या बॉक्समध्ये तिचं लेझीम दिसलं. उचललं तर खणखणलं. घरातून सईचा आवाज आला, "बाबा, जस्ट लीव्ह इट!"

उपाशीपोटी येऊन टाळ्या वाजवणाऱ्यांनो, मनापासून आभार. काकू, तुमच्यावरही राग नाही, चूक माझीच.

लेझीम मी गुपचूप गाडीच्या डिकीत ठेवलंय. ऑफिसला जाताना प्रत्येक वळणावर वाजतं... आणि मला रडू येतं.