घंटेवरचा तळहात

आमच्या आत्याला आता ऐकू येत नाही. तरी देवळात गेली की ती घंटा वाजवते आणि लगेच घंटेच्या काठावर तळहात टेकवते, डोळे मिटून. त्या क्षणी घंटा गप्प होते. काल मागच्या बाई वैतागल्या, "अहो आजी, धरू नका, नाद मरतो!"

मला वाटलं, मरतो कुठे, तो आत्याच्या हातात जातो. नाद म्हणजे तरी काय, नुसती थरथर. घंटा थरथरते, शेजारच्या हवेला ढकलते, ती पुढच्या हवेला. रांगेतून एखादा नारळ हातोहात गाभाऱ्याकडे जातो आणि माणसं मात्र जागच्या जागी उभी असतात, तसा धक्का तेवढा पुढे सरकतो. शेवटी तो कानाच्या पडद्याशी पोचतो आणि पडदाही थरथरू लागतो. म्हणजे ऐकणं हाही स्पर्शच की, लांबून झालेला. आत्याने मधली हवा तेवढी वगळली होती. आम्हा सगळ्यांसाठी संपलेला तो नाद तिच्या हातात विरून गेला होता, उदबत्तीच्या धुरासारखा.

पायऱ्या उतरताना तिने आधारासाठी माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला ऐकू जाणार नाही हे विसरून मी म्हटलं, "जपून, आत्या."

ती थांबली. तळहात पाठीवर जरा दाबून धरला.

"छातीत घरघर आहे तुझ्या," ती म्हणाली. "घरी चल, अडुळसा देते."