दोन मापांचे टर्बो

कारंज्याजवळ हायवेला माझं टर्बो दुरुस्तीचं दुकान आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा, गोगलगायीसारखा दिसणारा पंखा. तो बिघडला की भरलेला ट्रक चढावर जीव टाकतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रकला एकच टर्बो असायचा. उरलेलं आयुष्य तेवढ्या ज्ञानावर निघून जाईल असं मी धरून चाललो होतो.

या उन्हाळ्यात वर्ध्याचा एक कंत्राटदार जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन आला. "हळू असली का बैलगाडी. अन् वेग घेतला का मंग सुटते," तो म्हणाला. उघडून पाहिलं तर टर्बो दोन. एक नारळाएवढा, दुसरा संत्र्याएवढा.

"आधी कोणं खोलला होता?"

"आंजीच्या मिस्त्रीनं साफ करून देल्ला."

वर्ध्याजवळच्या आंजी गावचे मिस्त्री म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. तिथंच थांबायला हवं होतं. पण शेजारच्या ढाब्यावरचे ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन भोवती जमले होते, आणि मला शहाणपण दाखवायची हौस आली.

"दोन्ही सारखेच पायजे. तुमचा एक मोठा काढून घेतला त्यायनं, अन् हे पिल्लू टाकलं," मी म्हणालो.

"म्हणजे तुमचा भाऊजीच चोर निघाला का मिस्त्री?" एक ओळखीचा ड्रायव्हर ओरडला. सगळे हसले. मीही हसलो.

जोडीचा मोठा टर्बो मागवायला नागपूरच्या पार्टवाल्याला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "काका, हात नका लावू! कंपनीतूनच तसे येतात. लहान लवकर फिरते, तो गाडी उचलते. वेग आला का मोठा कामाले लागते."

"मंग सुरुवातीले दम काऊन नाई?"

"मधातली झडप उघडी राह्यली असंल. सगळा जोर मोठ्याकडंच जाऊन राह्यला."

झडपेची रबरी नळी उन्हानं तडकली होती. ती बदलली आणि गाडी जागेवरूनच झेपावली. कंत्राटदाराला मी माझी चूक सांगितली. तो खुशीत होता, त्यानं लक्ष दिलं नाही. ड्रायव्हर मात्र तोवर निघून गेले होते, माझं बोलणं सोबत घेऊन.

काही दिवसांनी बहिणीचा फोन आला. "तू काय बोलला रे? यायच्या दुकानात आता कोणी येत नाई. एखादा आला तं आधी टर्बोले रंगाची खूण करते, मंग गाडी देते."

मी आंजीला गेलो. भाऊजी डिझेलमध्ये हात धूत होते. मी सगळं सांगितलं. ते हात धूतच राहिले.

"मले काऊन सांगतं? मी नाई चोरला हे मले माहीत हाये. जेथं बोलला तेथं बोलजो."

तेव्हापासून रोज दुकान बंद केल्यावर ढाब्यावर जातो. त्या दिवशीचे ड्रायव्हर क्वचितच भेटतात. भेटले त्यांना सांगतो, नव्यांनाही सांगतो. लहान टर्बो, मोठा टर्बो, तडकलेली नळी, भाऊजी. नव्यांना कळत नाही मी कोणाची बाजू मांडतोय. ढाबेवाला वैतागलाय. "भाऊ, तुमची पोथी ऐकून गिऱ्हाईक भाकर टाकून उठून राह्यले." सांगून सांगून माझीही जीभ जड झालीय. वाटतं, चूक एका हसण्यात पसरली, तिला गोळा करायला मी कुठवर पुरणार?

काल एका ड्रायव्हरनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. त्याच्या ट्रकचा टर्बो शिट्टी मारत होता, आज सकाळी तो माझ्याकडेच येणार होता.

"म्हणजे त्यायचं काम बरोबर होतं, अन् तुम्हालेच समजलं नाई?"

"हो."

"मंग तुमच्याकडं काऊन देऊ? मले तसाई वर्ध्याकडं माल टाकाचा हाये. आंजीचा रस्ता सांगा."

मी सांगितला. मग हात धुऊन घरी गेलो.